नर्सिंगचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय? मुंबईची एसटी धरण्याआधी हे वाचा

एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका) किंवा जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, म्हणजे राज्यातल्या नर्सेसची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पहिली नोंदणी झालेल्या कितीतरी मुलींची पाच वर्षं आता भरत आली आहेत. यातल्या बहुतेकींनी रजिस्ट्रेशनचा फॉर्म स्वतः कधी भरलेला नाही. तेव्हा कॉलेजच्या ऑफिसने सगळ्या बॅचचे कागद गोळा केले, पैसे घेतले आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र हातात दिलं. आता कॉलेज मागे पडलंय. ड्यूटी उपकेंद्रावर, लसीकरणावर नाहीतर वॉर्डात आहे आणि रिन्यूअल आपलं आपणच करायचंय. सातारा-सांगलीकडच्या अशा नव्या सिस्टर्ससाठी हे लिहितेय. मी आरोग्य सहाय्यिका आहे, म्हणजे तुमच्या भाषेत एलएचव्ही. आमच्या भागातल्या मुली हे कागद घेऊन माझ्याकडेच येतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिलंय.

तारीख बघा, आणि ती कोणासाठी थांबेल असं धरू नका

कपाटातून मूळ प्रमाणपत्र काढा. नोंदणीची तारीख, क्रमांक आणि वैधता कधीपर्यंत आहे ते वाचा आणि डायरीत लिहून ठेवा. नोंदणी क्रमांक जन्मभराचा असतो, तो बदलत नाही. दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची असते ती वैधता. "माझं रजिस्ट्रेशन झालंय की" असं म्हणणाऱ्या निम्म्या मुली या दोन गोष्टी एकच समजत असतात.

दुसरा घोळ २०२१ सालचा. केंद्र सरकारने तेव्हा गाडीचं लायसन, आरसी, परमिट यांची मुदत कोरोनामुळे वाढवत वाढवत नेली. त्यावरून "आपलंही आपोआप वाढलं असेल" असा समज पसरला. ती सवलत परिवहन मंत्रालयाची होती, ती मोटार वाहन कायद्याखालच्या कागदांपुरतीच लागू होती. आपलं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली येतं. तिथे सवलत मिळायची तर ती कौन्सिलच्या सही-शिक्क्याच्या परिपत्रकानेच मिळते. व्हॉट्सॲपवर "मुदत वाढली" असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याकडे परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागा आणि ते परिपत्रक कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे का ते बघा. नसेल तर छापील तारीख हीच खरी.

सहा महिने आधी कामाला लागा. सहा महिने जास्त वाटतात, पण मधे आजारपण येतं, पूर येतो, नावातली चूक निघते.

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनी आणखी एक बघायचं. तुमची नोंद नर्स म्हणून आणि मिडवाइफ म्हणून अशी दोन्हीकडे असते. प्रमाणपत्रावर दोन्ही आहेत ना, आणि अर्जातही दोन्ही क्रमांक आले ना, ते तपासा. कोविड वॉर्डात वर्ष काढलेल्या मुली म्हणायच्या, "बाळंतपणं कुठे करतेय मी सध्या?" उद्या लेबर रूमला बदली झाली की तीच नोंद पहिली मागतील. एएनएमची नोंदवही वेगळी असते. तुमचा अर्ज त्याच प्रकारात भरला जातोय ना, तेवढं पहिल्याच पानावर बघा.

कागद गोळा करणं म्हणजे खरं तर नाव जुळवणं

लागणारे कागद मोजकेच आहेत. रजिस्ट्रेशनचं मूळ प्रमाणपत्र, आधी नूतनीकरण झालं असेल तर त्याचा कागद, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, फोटो, सही आणि सीएनईची (नोकरीत असताना घेतलेल्या शिक्षणाची) प्रमाणपत्रं. वेळ खातं ते नाव.

आपल्याकडे मुलीचं शिक्षण माहेरच्या नावाने होतं, लग्न झाल्यावर आधार सासरच्या नावाने होतं आणि बँक खात्यावर तिसराच काही प्रकार असतो. त्यात इंग्रजी स्पेलिंग आलं. एका कागदावर जयश्रीच्या शेवटी डबल ई, दुसऱ्यावर आय. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा. रिन्यूअलचा अर्ज नोंदवहीत जे नाव आहे त्याच नावाने जातो. नाव बदलून घ्यायचं असेल तर तो वेगळा अर्ज आहे. त्याला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी लागते. खेड्यात लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, त्यासाठी साताऱ्याला यायचं कारण नाही. राजपत्राचा अर्जही ऑनलाइन करता येतो, मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात खेटे घालायला नकोत.

माझं स्पष्ट मत आहे की वैधता संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर नावबदलाच्या नादी लागू नका. आधी जुन्या नावाने रिन्यू करून घ्या, नाव नंतर निवांत बदला. दोन्ही एकदम करायला गेलं की एकाच्या त्रुटीपायी दुसरं अडकतं.

मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर उजेड चमकतो, स्कॅनमध्ये शिक्का पांढरा फटक येतो आणि मागच्या बाजूला कधी नोंद करून घ्यायची वेळ आली तर कागद बाहेर काढता येत नाही. आधीच लॅमिनेट केलं असेल तर फ्लॅश बंद करून खिडकीजवळच्या उजेडात सरळ वरून फोटो घ्या.

पुरात कागद गेले असतील तर

जुलै २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या आणि पाटण-जावळीकडच्या कित्येक घरांत पाणी शिरलं, काही ठिकाणी घरंच राहिली नाहीत. सांगलीकडच्यांचं तर २०१९ नंतर दुसऱ्यांदा सगळं भिजलं. म्हणून हा भाग वेगळा लिहावा लागतोय.

प्रमाणपत्र ओलं असलं तरी क्रमांक वाचता येत असेल तर निम्मं काम झालं. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. आधी आहे त्या स्थितीत फोटो काढा, मग पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात टाकलेला कागद वाकडा होतो आणि शाई उडते. कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा, वर्तमानपत्रात नको, त्याची शाई प्रमाणपत्रावर उतरते.

प्रमाणपत्र गेलंच असेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्या. तलाठ्याने घराचा पंचनामा केला असेल तर त्याचीही प्रत जोडा. प्रतिज्ञापत्र करा आणि दुय्यम प्रतीसाठी कौन्सिलकडे स्वतंत्र अर्ज करा. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर तो कुठे कुठे लिहिलेला असतो ते सांगते. नेमणुकीच्या वेळी तालुका आरोग्य कार्यालयात दिलेली झेरॉक्स, सेवापुस्तकाची पहिली पानं, एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) करारासोबतची फाईल, आणि तुमच्या कॉलेजचं रजिस्टर. यातली एक तरी जागा कोरडी असतेच.

सीएनईचे तास: खरी अडचण इथे आहे

सीएनई म्हणजे नोकरीत असताना घ्यायचं निरंतर शिक्षण. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं सूत्र पाच वर्षांत १५० तासांचं आहे, सरासरी वर्षाला ३०. एरवी मिरज, कराड, सातारा इथल्या रुग्णालयांत आणि कॉलेजांत कार्यशाळा व्हायच्या, एक दिवस रजा टाकून जाऊन यायचं, जेवण आणि प्रमाणपत्र मिळायचं. मार्च २०२० नंतर हॉलमध्ये माणसं जमवणंच बंद झालं. ज्यांनी "शेवटच्या दोन वर्षांत करू" म्हणून सोडलं होतं, त्यांच्यातल्या अनेकींची शेवटची दोन वर्षं म्हणजे नेमकी ती कोरोनाची दोन.

मग वेबिनार आले. त्यांचा असा पाऊस पडला की रोज संध्याकाळी एक लिंक, शेवटी गुगल फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. काही मुलींकडे अशा प्रमाणपत्रांची थप्पी आहे आणि रिन्यूअलसाठी त्यातली मोजकीच उपयोगी पडतात. प्रमाणपत्र हातात आलं की त्यावर चार गोष्टी शोधा. कार्यक्रमाला राज्य कौन्सिलची मान्यता असल्याचा उल्लेख आणि मान्यता क्रमांक, किती तास किंवा किती क्रेडिट (तासांवरून मिळणारे गुण), कार्यक्रमाची तारीख, आणि तुमचं नाव नोंदणी क्रमांकासकट. यातली मान्यता आणि क्रेडिट नसेल तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावा, अर्जाला लावू नका. सरकारच्या आयगॉट दीक्षा पोर्टलवर एप्रिल २०२० पासून कोविडचे कोर्स आले. पीपीई कशी घालायची-काढायची, ऑक्सिजन कसा द्यायचा हे तिथे खरोखर चांगलं शिकवलं होतं. पण शिकणं वेगळं आणि क्रेडिट वेगळं. कोणत्याही कोर्ससाठी नाव नोंदवण्याआधी आयोजकांना सरळ विचारा, "कौन्सिलची मान्यता आहे का, किती क्रेडिट?" उत्तरात "सर्टिफिकेट मिळेल" एवढंच आलं तर ओळखा.

मान्यता असलेले ऑनलाइन कार्यक्रम बहुतेक वेळा पैसे घेऊन असतात. फुकटातले दहा बघण्यापेक्षा विकतचे दोन बरे. विषयही निवडून घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, नवजात बाळाचं पुनरुज्जीवन, कोविडबाधित गरोदर मातेची प्रसूती, यांचा दुसऱ्या दिवशी कामावर उपयोग होतो. हजेरी लॉगिनवरून मोजतात, म्हणून फोन खिशात ठेवून लसीकरणाच्या रांगेत उभं राहून वेबिनार "बघू" नका. मधे रेंज गेली की हजेरी तुटते. बामणोली-तापोळ्याकडच्या, कोयना खोऱ्यातल्या मुलींनी तर सुट्टीच्या दिवशी मेढ्याला किंवा पाटणला येऊनच करावं.

तास कमी पडत असतील तर आकडा फुगवून लिहू नका. जेवढे आहेत तेवढे लावा, उरलेले वैधता संपायच्या आत मिळवा आणि अडचण असेल तर कौन्सिलला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं उत्तर उद्या दाखवता येत नाही.

फोन, ओटीपी आणि सायबरवाला

अर्ज ऑनलाइन आहे, म्हणजे सगळं ओटीपीवर आलं. कॉलेजने पहिल्या नोंदणीच्या वेळी तुमचा कोणता मोबाईल नंबर दिला होता, आठवतंय? अनेकींचा वडिलांचा नंबर दिलेला होता, काहींचं सिमच बंद पडलंय. म्हणून अर्ज उघडण्याआधी आधारला आताचा नंबर जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर आधार केंद्राच्या रांगेत जायची गरज उरलेली नाही. जुलै २०२१ पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन शुल्क घेऊन मोबाईल नंबर जोडून देतात. गावच्या पोस्टमनकाकांना विचारा.

ईमेल स्वतःचा काढा आणि पासवर्ड डायरीत लिहा. आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज सायबरमधून किंवा महा ई-सेवा केंद्रातून भरून घ्यायला काही हरकत नाही, मोठा पडदा आणि स्कॅनर असतो, काम नीट होतं. पण तिथला मुलगा घाई असली की खात्याला स्वतःचाच ईमेल आणि मोबाईल टाकून मोकळा होतो. अर्ज जातो. तीन आठवड्यांनी कौन्सिलने कळवलेली त्रुटी त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि तुम्ही इकडे वाट बघत बसता. त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि नंबर व ईमेल स्वतः टाइप करा. "मुंबईला ओळख आहे, पाठवून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या" म्हणणारे एजंट कोरोनात वाढले. त्यांच्या हातात मूळ प्रमाणपत्र देऊ नका.

अर्ज भरताना

कौन्सिलच्या संकेतस्थळावर जा, पत्ता कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही, स्वतः शोधून. आधी सूचना आणि शुल्काचं पान उघडा. कागदांची यादी आणि शुल्क त्या दिवशी तिथे जे असेल तेच धरा, मैत्रिणीने गेल्या वर्षी किती भरले ते नाही.

फाइलची साइज हा नवख्यांना रडवणारा भाग. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो आणि फॉर्म तो घेत नाही. स्कॅनर ॲप वापरा, कडा कापा, साइज कमी करा आणि मग फाइल उघडून शिक्क्यावरची अक्षरं वाचता येतात का ते बघा. अक्षरं दिसेनाशी होतील इतकी साइज कमी करू नका. फाइलला नाव द्या: आधार, दहावी, नोंदणी, सीएनई १, सीएनई २. "इमेज २०२१०८" अशा नावांच्या गर्दीत आधारच्या जागी रेशनकार्ड जातं. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, मास्क नसलेला हवा. सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनने करा आणि ती प्रमाणपत्रावरच्या सहीशी जुळू द्या.

पत्त्याच्या रकान्यात पोस्ट नीट पोचेल असा पत्ता द्या. उपकेंद्राचा पत्ता दिला आणि मधेच प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलं तर पाकीट तिथेच पडून राहतं. साताऱ्यात संग्रहालयाच्या इमारतीत जम्बो कोविड रुग्णालय झालं तेव्हा अशा कितीतरी जणींचं कामाचं ठिकाण रातोरात बदललं. घरचा पत्ता, पिनकोड आणि घरी कायम असणाऱ्या माणसाचा नंबर, एवढं पुरे.

दिवसा सर्व्हर संथ असेल तर पहाटे बसा. रात्रपाळीनंतर डोळे मिटत असताना मात्र भरू नका, जन्मतारखा तेव्हाच चुकतात.

पैसे कापले, पावती नाही

हे होतंच. पैसे भरताना पान गोल गोल फिरतं, बँकेचा मेसेज येतो आणि पावती उघडत नाही. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. बऱ्याचदा पावती तिथे आलेली असते. दोन-चार दिवसांत पैसे परत खात्यात आले नाहीत आणि पावतीही आली नाही, तर अर्ज क्रमांक आणि व्यवहार क्रमांक देऊन कौन्सिलला ईमेल करा, आणि बँकेत लेखी तक्रार द्या. पैसे स्वतःच्या खात्यातून भरा. दुसऱ्याच्या फोनवरून भरले की क्रमांक शोधायला पुन्हा त्याच्या मागे लागावं लागतं.

अर्ज पडून आहे आणि वैधता संपतेय

अर्ज वेळेत गेला पण नवीन कागद आला नाही, तर अर्जाची प्रत आणि पैशांची पावती जोडून मेडिकल ऑफिसरना एक पानी पत्र द्या. मजकूर साधा ठेवा: "माझ्या नोंदणीची वैधता अमुक तारखेला संपत असून नूतनीकरणाचा अर्ज अमुक तारखेस केला आहे, पोच सोबत जोडली आहे." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एनएचएमच्या अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असाल तर हा शिक्का फार कामाचा, कारण ऑर्डर पुढे चालू ठेवताना पहिला प्रश्न वैध रजिस्ट्रेशनचाच येतो. तीन-तीन महिन्यांच्या कोविड भरतीत मुलाखतीच्या टेबलावरही तेच व्हायचं.

अर्ज करण्याआधीच वैधता संपून गेली असेल तर गप्प बसून चालवून घेऊ नका. विलंब शुल्कासह अर्ज करा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. कामाच्या धावपळीत कोणी विचारत नाही हे खरं. पण एखाद्या प्रसूतीत काही कमी-जास्त झालं आणि चौकशी लागली की त्या दिवशी तुमची नोंदणी चालू होती का हे आधी बघतात.

जत, मिरजेकडच्या मुलींसाठी थोडं वेगळं

सीमाभागातल्या बऱ्याच मुली विजयपूर, बेळगावकडे शिकतात. तुमची पहिली नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे असेल तर रिन्यूअलही तिकडेच. महाराष्ट्रात नोकरी करायची तर तिकडून ना-हरकत घेऊन इथे नोंदणी करून घ्यावी लागते. दोन राज्यांची कौन्सिलं आणि मधे टपाल, म्हणून तुमच्यासाठी सहा महिन्यांऐवजी आठ-नऊ धरा.

मुंबईला जावंच लागलं तर

बहुतेक कामं घरबसल्या होतात, तरी एखादीला मूळ कागद दाखवायला बोलावतात. निघण्याआधी त्या दिवशी कार्यालय लोकांसाठी उघडं आहे का आणि वेळ ठरवून घ्यावी लागते का, ते ईमेलने विचारा. ओळखपत्र सोबत ठेवा. मूळ कागदांसोबत दोन झेरॉक्स संच न्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कागद हातात आल्यावर

नाव, क्रमांक, नवी तारीख, फोटो, सगळं तिथल्या तिथे वाचा. चूक असेल तर त्याच आठवड्यात कळवा. एक प्रत आस्थापनेला देऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या, कंत्राटी असाल तर तालुका आरोग्य कार्यालयाच्या फाइलला लावा, आवक क्रमांक इथेही घ्या. स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. पुराच्या गावात राहत असाल तर मूळ प्रत झिपच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. आणि सीएनईची एक नवी फाइल उघडून पहिल्या पानावर पुढच्या पाच वर्षांचे रकाने आखा: तारीख, विषय, मान्यता क्रमांक, तास.